मिठागरावरचे ईरप्पाकाका

मध्यंतरी टीव्हीवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमची सून मिठाचे दहा पुडे घेऊन घरी आली. गल्लीत कुणीतरी उठवलं होतं की आता मीठ मिळायचं नाही. मी म्हटलं, अगं, समुद्र आटला की काय? तर म्हणते कशी, आत्ती, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. मला काय कळतंय! उचगावात येऊन मला पन्नास वर्षं होत आली. भाकरी थापते, तांबडा रस्सा करते, भांडायचं झालं तर कोल्हापुरीत भांडते. त्यामुळे इथल्या पोरींना वाटतं ही इथलीच. पण माझा जन्म मिठागरावरचा. चौदा वर्षांची होते तेव्हाही एक लढाई झाली, तेव्हाही लोक मिठासाठी असेच येडबडल्यागत धावले, आणि त्या लढाईत मी एका माणसाचं वाटोळं केलं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. ते दहा पुडे फडताळात रचताना मी एकच पुडा तीनदा काढून पुन्हा ठेवला तेव्हा सून म्हणाली, बीपीची गोळी घेतली नाही वाटतं. मी म्हटलं, व्हय, राहिली.

आमचं घर कोकणात खाडीच्या काठाला होतं. अंगणातून उतरलं की खाजण, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी खारी जमीन, खाजणाला मातीचा बांध, आणि बांधाच्या आत आमचे मिठाचे वाफे. बाबांचे स्वतःचे बावीस वाफे होते, त्यावर घर चालायचं. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी कोंडलं, ऊन लागलं, झालं मीठ. तसं असतं तर कोकणात सगळे मिठागरवालेच झाले असते. खरं काम पाणी घेण्याच्या आधीचं. पावसाळ्यात वाफ्यांचा चिखल होतो. दिवाळी झाली की तो उपसायचा, नवी चिकणमाती पसरायची आणि ती पायांनी तुडवायची. आई, काकी, मी, कामाला आलेल्या बाया, सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं आणि टाच अंगठ्याला लावून इंच इंच सरकायचं. एक वाफा संपला की तोच पुन्हा आडवा. दिवसभर नुसतं थप् थप् थप्. दीड महिना तुडवून तुडवून जमीन अशी करायची की वरून कलशी ओतली तरी थेंब मुरायला नको. तशी झाली तरच मीठ पांढरं येतं, नाहीतर मातीचा लगदा. आईच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा असायच्या आणि त्यात खार शिरायचा. संध्याकाळी ती पाय खोबरेल तेलात माखून बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, काही नाही, थोडे चुरचुरतात.

या सगळ्याचा जीव असायचा उघाडीत. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, वर-खाली होणारं. ओहोटीला ते दोरीनं वर उचलून बांधायचं, म्हणजे वाफ्यांत झिरपलेलं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत खाली पाडायचं, म्हणजे खाडी आत येत नाही. इतकं सोपं काम की ते पोरांकडेच असायचं. आमच्या घरी माझ्याकडे होतं.

त्या वर्षी मागच्या हंगामातली एक मोठी रास बांधाजवळ शिल्लक होती. लढाईची कुणकुण लागली तशी गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्यानं ती सगळी घेतली आणि राखणीला आपला माणूस पाठवला, ट्रक आला की भरून न्यायची म्हणून. तो माणूस म्हणजे ईरप्पाकाका. पस्तिशीचे असतील. उंच, काळेसावळे, कपाळाला विभूतीचे पट्टे, खांद्यावर घोंगडं. ट्रक चार दिवसांत येणार होता, पण लढाई लागली, ट्रक कुठे कुठे अडकले, आणि काका आमच्या पडवीत महिनाभर राहिले. ते लिंगायत. आमचं घर म्हणजे सकाळी पेज आणि सुका बांगडा, दुपारी भात आणि कालवण. पहिल्या दिवशी आईनं विस्तवावर बोंबील टाकले तसे ते घोंगडं घेऊन थेट बांधावर जाऊन बसले. आई ओशाळली. मग तिनं एक तवा आणि एक पातेलं राखेनं तीनदा घासून त्यांना वेगळं काढून दिलं. त्यांनी पडवीच्या कडेला तीन दगड मांडले आणि सोबत आणलेल्या पिठाच्या भाकरी थापायला बसले. पुरुष माणूस, आणि काय भाकरी थापायचा! आम्ही भातखाऊ माणसं, ज्वारीची भाकरी हातावर फिरताना आईनं पहिल्यांदा बघितली. ती आणि काकी दाराआडून बघत उभ्या राहिल्या आणि काकांनी मान वर न करता दोघींना एकेक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसकट पाठवून दिली. आज मी थापते ती भाकरी मला सासूनं शिकवली असं सगळे समजतात. सासूनं शिकवली हे खरं, पण हात आधी वळला होता.

काका मला ‘तंगी’ म्हणायचे. कानडीत धाकटी बहीण. मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला बहीण, हे नातं कसं जुळतंय म्हणून आई हसायची. त्यांचं मराठी आम्हाला अर्धं कळायचं आणि आमचं त्यांना पाव. रोज तिन्हीसांजेला ते आंघोळ करून उघाडीजवळच्या दगडावर बसायचे आणि गळ्यातली चांदीची डबी उघडून त्यातलं काळं, गुळगुळीत काहीतरी डाव्या तळहातावर ठेवून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा मी न राहवून विचारलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हात न लावता बघ म्हणाले. हे लिंग, हाच देव, जन्मल्यापासून अंगावर असतं, दुसऱ्यानं त्याला शिवायचं नाही. याची पूजा झाल्याशिवाय अन्न नाही की पाणी नाही. आणि हे अंगावरून गेलं तर, असं म्हणून ते थांबले आणि म्हणाले, “मग मानूस आसून नसल्यागत, तंगी.” गावात दुसऱ्या कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त मला.

लढाई तशी आमच्यापासून लांब होती, पण समुद्र सगळीकडे एकच ना. रात्री दिवा दिसता कामा नये असा हुकूम आला. कंदिलाला काळा कागद, खिडकीला गोणपाट. बांधावर कंदील न्यायला तर बंदीच. बाबा एरवी झोपायच्या आधी कंदील घेऊन उघाडी बघून यायचे, ते बंद झालं. मग कुणीतरी सांगत आलं की पांढऱ्या राशी विमानातून चमकतात. झालं, सगळ्या गावानं मिळून राशींवर खाडीचा काळा चिखल थापला आणि वर गवत टाकलं. आपल्या राशीला तो चिखल लागताना बघून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलीस पाटलाच्या मुलानं, आम्ही त्याला अण्या म्हणायचो, दहा-बारा पोरं जमवून राखणीचं दल काढलं होतं. हातात काठ्या, तोंडात शिट्ट्या. लढाई त्यांच्या वाट्याला काही येत नव्हती, त्यामुळे ती कुठून आणता येईल ते बघत हिंडायचे.

तो दिवस अमावास्येचा, म्हणजे उधाणाचा. दुपारी बाबांनी स्वतः उघाडी उचलून बांधली आणि ते या हुकुमाच्याच कसल्याशा बैठकीला बाजारगावी गेले. जाताना मला बजावून गेले की अंधार पडायच्या आत पाड. वाफे तुडवून झाले होते, चार दिवसांनी पाणी घ्यायचं होतं. संध्याकाळी मी निघालेही. पण वाटेत शेजारच्या माईंचं घर, आणि अख्ख्या वाडीत रेडिओ त्यांच्याकडेच. बातम्या लागायची वेळ झाली होती. लांबून बघितलं, काका दगडावर पूजेला बसलेले, उघाडी वरच. म्हटलं, येताना पाडू. बातम्या संपल्या, मग गाणी लागली. माईंनी शेंगा भाजल्या होत्या. घरी आले तेव्हा मिट्ट काळोख आणि बाबा हातपाय धूत होते. त्यांनी विचारलं, “उघाडी पाडलंस?”

आणि मी हो म्हटलं. त्या क्षणी मला आठवलं होतं हो! पण कंदिलाला बंदी, बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही, आणि बाबा दमून आलेले. वाटलं, एका रात्रीच्या पाण्यानं काय होतंय, पहाटे उठून पाडू. आज इतक्या वर्षांनी स्वतःला जरा बरं दाखवायचं असतं तर मी लिहिलं असतं की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरं हे की मला गाढ झोप लागली.

सकाळी जाग आली ती काकीच्या रडण्यानं. उधाण आत येऊन गेलं होतं. बावीसच्या बावीस वाफ्यांत गुडघाभर गढूळ पाणी, तुडवलेली माती वर फुगून आलेली. काकांच्या राशीचा पाया विरघळून अर्धी रास चिखलासकट बसली होती, आणि काका धावत जाऊन ओंजळींनी मीठ वर सारत होते. आई बांधावर पाय पसरून बसली होती. तिच्या त्या टाचा माझ्यासमोर होत्या. मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. टाचांकडे बघितलं आणि तोंड उघडेना.

तेवढ्यात अण्या आणि त्याची पोरं आली. बाबांनी सांगितलं की पोरीनं उघाडी पाडली होती. मग पुन्हा उचलली कुणी? अण्याला जे हवं होतं ते आयतं मिळालं. त्यानं मला पुढं घेतलं आणि विचारलं की तिन्हीसांजेला तिथं कोण होतं. मी म्हटलं, ईरप्पाकाका बसले होते. हे खोटं नव्हतं. सगळ्या गावानं त्यांना तिथं रोज बघितलं होतं. मग त्यानं विचारलं, “हातात काय होतां गो तेच्या?”

“माका ठाऊक नाय,” मी म्हटलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. पोरं काकांना गराडा घालून उभी राहिली. डबीत यंत्र आहे, समुद्राकडे तोंड करून खुणा करतो, भाषा पण आपली नाही. डबी दाखव म्हणाले. काकांनी छातीवर दोन्ही हात दाबून धरले. कानडीत, मराठीत काय काय सांगत होते, कुणाला कळत नव्हतं, कुणाला कळून घ्यायचं नव्हतं. एकानं दोरा ओढला तो तुटला. तेव्हा त्या गर्दीतून त्यांनी मला शोधलं. ते रागावले नव्हते. खरंच सांगते, सुटका झाल्यासारखं त्यांच्या तोंडावर आलं, की ही एक आहे, हिला माहीत आहे. म्हणाले, “तंगी, तू सांग की गं ह्यास्नी. तुला दावलंय की मी.”

मी आईच्या मागं गेले.

त्यांना दंडाला धरून नेलं. बाबा सगळ्यांत शेवटी उघाडीकडे गेले, मी त्यांच्या मागून. दार तसंच वर होतं आणि दोरीला दुपारची गाठ होती. बाबांची गाठ वेगळी असायची, दोन वेढे आणि आतून फास, ती दुसऱ्या कुणाला जमत नसे. दार कुणी पाडून पुन्हा उचललं असतं तर ती गाठ तशी राहिली नसती. बाबा गाठीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ती सोडली, दार पाडलं, दोरी गुंडाळून खुंटीला लावली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. अण्याला हाक मारली नाही. गाठ सुटली ती सुटली, आणि आम्हा बापलेकींत त्यावर जन्मात एक शब्द झाला नाही. माझी चूक पोरवयाची होती असं कुणी म्हणेल. बाबांची? त्यांनी ती माझ्यासाठी केली, म्हणून तीही मी माझ्याच खात्यावर धरते.

काका चौथ्या दिवशी परत आले. ठाण्यावर डबी तपासणीसाठी काढून ठेवली होती. मग बेळगावकडचा एक पोलीस रजेवरून आला, त्यानं ती बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी माफी मागून सोडलं म्हणे. पण तीन दिवस लिंग अंगावर नव्हतं, आणि तीन दिवस त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. गालफडं बसली होती. आईनं आंघोळीला पाणी दिलं, त्यांनी पूजा केली, तांब्याभर पाणी प्याले, आणि आई राहा राहा म्हणत असताना घोंगडं, तवा, पिठाचा डबा गोळा करायला लागले. तवा आईचा होता, तो घासून तिच्या हातात दिला. बाबांनी रामराम केला, त्यांनी केला. मी खांबाला धरून उभी होते. मला तंगी म्हणाले नाहीत. राहिलेली रास न्यायला पुढं ट्रक आला तेव्हा बरोबर दुसराच माणूस होता.

आम्ही वाफे पुन्हा तुडवले. थप् थप् थप्. मी कुणापेक्षाही जास्त तुडवले, पाय फुटेपर्यंत तुडवले, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

पुढं मामाच्या ओळखीनं मला हे कोल्हापूरचं स्थळ आलं. पाठवणीच्या वेळी बाबा एसटीच्या खिडकीशी आले. वाटलं, जपून राहा वगैरे म्हणतील. म्हणाले, “गडहिंग्लज तुझ्या वाटेवर आसा.” एवढंच. तेव्हापासून माहेरी जाताना-येताना गाडी गडहिंग्लजच्या स्टँडात थांबायची, लोक उतरून चहा प्यायचे, लघवीला जायचे, आणि मी पदर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करायची. आई गेली तेव्हा, बाबा गेले तेव्हा, दर वेळी. पोरं म्हणायची, आई गडहिंग्लजला बरोबर कशी झोपते.

ते दहा पुडे घरात आले त्याच्या चौथ्या दिवशी मी सुनेला देवदर्शनाला जाते म्हणून सांगितलं आणि गडहिंग्लजला उतरले. काकांचं गाव तिथून आत, त्यांनी सांगितलेलं त्याचं नाव मी विसरले नव्हते. वडापच्या जीपनं गेले. चौकात एका किराणा दुकानदाराला विचारलं, लढाईच्या साली कोकणात मिठाला गेले होते ते ईरप्पा कुठं राहतात. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “पोलिसानं धरलेला ईरप्पा व्हय? त्यो जाऊन बारा-पंधरा वर्सं झाली की. पावणं कुठलं तुमी?” पन्नास वर्षांनी त्या माणसाची ओळख ही! त्यांच्या भाकरीची नाही, त्यांच्या पूजेची नाही. मी तिथंच बाकड्यावर टेकले. दुकानदारानं पाणी दिलं आणि एका पोराला बरोबर देऊन घर दाखवायला पाठवलं.

घरात त्यांची लेक होती, महादेवी. साठीला आलेली, बापासारखी उंच. म्हशीला वैरण टाकत होती. कोण, कुठल्या, विचारून तिनं बसायला घोंगडं टाकलं, चहा केला. मी चहा प्यायच्या आधी सांगून टाकलं. रेडिओ, शेंगा, हो म्हटलेलं, ठाऊक नाय म्हटलेलं, बाबांची गाठ, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हाकलून देईल. दोन्हीची तयारी करून आले होते. ती चुलीपाशी उभी राहून ऐकत राहिली. मग म्हणाली की अप्पांना व्यापाऱ्यानं कामावरून काढलं, पुढं जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. त्याचं एवढं काही नाही, राबणारा माणूस कुठंही राबतो. पण अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. काहीतरी केल्याबिगर पोलीस कुणाला कशाला नेतील, असं ती म्हणायची. भांडण कशाचंही असो, शेवटी गाडी तिथंच यायची. अप्पा आधी आधी सांगायचे, नंतर सांगायचे बंद झाले. नंतर बोलायचेच बंद झाले. जेवायला वाढ, एवढंच. अप्पा मरताना अव्वा उशाशी होती, त्यांनी तिच्याकडं तोंड केलं नाही.

मी म्हटलं, मी तुझ्या पाया पडते, मला माफ कर.

“मला कशाला सांगताय?” महादेवी म्हणाली. “अव्वा हाय की आत. जावा, तिला सांगा. खरं मोठ्यानं सांगा, तिला ऐकू येत न्हाय.”

मला वाटलं होतं म्हातारी कधीच गेली असेल. आतल्या खोलीत खाटेवर बसली होती, ऐंशीच्या पुढची, कपाळाला विभूती, हातात जपाची माळ. मी खाली बसले आणि सांगितलं. तिनं कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. ती महादेवीकडं बघून म्हणाली, काय म्हणती ही? जी गोष्ट मी पन्नास वर्षं कुणाच्या कानात कुजबुजले नव्हते ती मला ओरडून सांगावी लागली. “ईरप्पाकाकांनी काही केलं नव्हतं! उघाडी मी विसरले! मी खोटं बोलले!” दारात शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. वाट दाखवायला आलेला पोरगा खिडकीशी. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा म्हातारीच्या हातातली माळ थांबली.

तिनं माळ मांडीवर ठेवली. मग कानडीत लेकीला काहीतरी म्हणाली, हळू. मी महादेवीला विचारलं, काय म्हणतात? महादेवीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “इचारती, अप्पा ठाण्यातनं घरला आल्यावर म्हनालतं, तीन दिस पानीबी प्यालो न्हाई. ते खरं हुतं काय?”

ते खरं होतं, हेही मला ओरडूनच सांगावं लागलं.